लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यावर एकाच फिल्मवर अनेक फ्लॅश देताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४×५ इंची कॅमेऱ्यावर २१० मिमी लेन्स लावून परफ्यूमची बाटली आणि तिची पेटी अशी १८ सेंमी उंचीची मांडणी प्रत्यक्षाच्या निम्म्या आकारात फिल्मवर घ्यायची आहे. हाताशी असलेला स्टुडिओ फ्लॅश पूर्ण शक्तीवर आयएसओ १०० (फिल्मची संवेदनशीलता) ला एफ/१६ इतकाच प्रकाश देतो; एफचा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान. बाटलीच्या पुढच्या कडेपासून पेटीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सारे स्पष्ट हवे असल्याने एफ/३२ किंवा एफ/४५ लागणार आहे. अशा वेळी शटर उघडे ठेवून तोच फ्लॅश पुन्हा पुन्हा उडवला तर चालेल का, किती वेळा उडवावा, आणि त्यात काय बिघडू शकते?

चालते, आणि स्थिर वस्तूंच्या छायाचित्रणात ही पद्धत मी नेहमी वापरतो. मोजणीचा भाग सोपा आहे. छायाचित्र बिघडते ते अंधार अपुरा असल्यामुळे, काहीतरी हलल्यामुळे किंवा झोत (फ्लॅशचे एकेक लखलखाट) सारखे नसल्यामुळे, आणि झोतांची संख्या वाढत जाते तसे हे तिन्ही धोके वाढत जातात. म्हणून किती झोत द्यायचे हे ठरवण्याआधी, ते कमी कसे करता येतील याचा विचार करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी मोजणी पाहू. फिल्मवर पडणारा एकूण प्रकाश म्हणजे एक्स्पोजर; तो दुप्पट झाला की एक स्टॉप, म्हणजे एक टप्पा, मिळतो. म्हणजे एका झोताऐवजी दोन दिले तर एक स्टॉप, चार दिले तर दोन, आठ दिले तर तीन, सोळा दिले तर चार आणि बत्तीस दिले तर पाच स्टॉप मिळतात. पहिला जादा झोत पूर्ण एक स्टॉप देतो, पण सोळानंतरचा सतरावा झोत जेमतेम एक दशांश स्टॉपही देत नाही. यामुळे मोठ्या संख्येत एखादा झोत कमीजास्त झाल्याने घाबरण्याचे कारण नसते, आणि त्याच कारणाने मोठ्या संख्येत थोडासा फरक करून काही साधतही नाही. आठ झोतांवर एकतृतीयांश स्टॉप वाढवायचा तर दहा द्यावे लागतात, सोळावर तेवढाच वाढवायचा तर वीस.

यात बेलोजचा (लेन्स आणि फिल्म यांना जोडणाऱ्या घडीच्या भात्याचा) हिशेब मिळवावा लागतो, आणि हाताच्या मीटरला तो कळत नाही. लेन्स फिल्मपासून जितकी लांब जाते तितका फिल्मवर पोहोचणारा प्रकाश कमी होतो. लेन्सपासून फिल्मपर्यंतचे अंतर भागिले फोकल लांबी, आणि त्या उत्तराचा वर्ग, इतक्या पटीने एक्स्पोजर वाढवावे लागते. आपल्या उदाहरणात निम्म्या आकाराची प्रतिमा हवी असल्याने २१० मिमीची लेन्स ३१५ मिमीवर जाईल. ३१५ भागिले २१० म्हणजे दीड, आणि दीडचा वर्ग सव्वादोन. बेलोज मोजण्यापेक्षा मला दुसरी रीत अधिक भरवशाची वाटते: वस्तूच्या जागी मोजपट्टी धरावी, तिचे १०० मिमी ग्राउंड ग्लासवर (फिल्मच्या जागी प्रतिमा दाखवणाऱ्या दुधी काचेवर) किती भरतात ते पाहावे, आलेल्या पटीत एक मिळवावा आणि त्याचा वर्ग करावा. १०० चे ५० भरले तर पट अर्धी, अधिक एक म्हणजे दीड, वर्ग तोच सव्वादोन. टेलिफोटो रचनेच्या लेन्सला मात्र या दोन्ही रीती जशाच्या तशा लावू नयेत, कारण तिच्यात पुढून आणि मागून दिसणारे छिद्र सारख्या आकाराचे नसते.

आता एफ/१६ वरून एफ/३२ ला जायचे म्हणजे दोन स्टॉप, म्हणजे चार झोत. त्याला सव्वादोनने गुणले की नऊ होतात. एफ/४५ हवे असेल तर आठ गुणिले सव्वादोन म्हणजे अठरा. ॲपर्चरचा तो एक टप्पा नऊ जादा झोत मागतो, हे आकडे पाहिल्यावर पुढचा प्रश्न आपोआप पडायला हवा: एफ/४५ खरोखर लागणार आहे का?

माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ते लागत नाही. व्ह्यू कॅमेरा, म्हणजे असा बेलोजचा कॅमेरा, हाती असताना स्पष्टतेसाठी आधी मूव्हमेंट (लेन्स किंवा फिल्म कलवण्या-वळवण्याच्या हालचाली) वापराव्यात आणि मगच ॲपर्चर बंद करावे. ज्या नियमाला शाइमफ्लुगचे नाव आहे आणि ज्यावरचे त्याचे पेटंट १९०४ चे आहे, तो नियम हेच सांगतो की लेन्सचे प्रतल कलवले तर स्पष्टतेचे प्रतलही कलते. पेटी तिरकी उभी असेल तर पुढच्या स्टँडर्डला (लेन्स धरणाऱ्या चौकटीला) थोडा स्विंग द्यावा, म्हणजे ती डावी-उजवीकडे वळवावी. वस्तू टेबलावर आडव्या पसरलेल्या असतील तर टिल्ट द्यावा, म्हणजे ती पुढे-मागे कलवावी. बाटलीची पुढची कड आणि पेटीचा महत्त्वाचा पृष्ठभाग एका प्रतलात आणता आले तर एफ/२२ पुरे होऊ शकते, आणि तेथे दोन गुणिले सव्वादोन म्हणजे साडेचार, अर्थात पाच झोतांत काम होते. अठरा आणि पाच यांतला फरक दोन-चार मिनिटांच्या बारीक जुळवणीने मिळत असेल तर ती जुळवणी टाळण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण विवर्तनाचे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचे, आहे. प्रतिमा निम्म्या आकाराची असताना लेन्सवर एफ/४५ लावले तरी फिल्मच्या दृष्टीने ते एफ/६८ च्या जवळपास असते. हिरव्या प्रकाशासाठी हिशेब केला तर तेथे एका बिंदूची प्रतिमा साधारण ०.०९ मिमी व्यासाचे वर्तुळ होते. ८×१० इंचांच्या प्रिंटवर, म्हणजे दुप्पट मोठे केल्यावर, ते डोळ्याला चालून जाईल. त्याहून मोठ्या प्रिंटवर, विशेषतः लेबलावरच्या बारीक अक्षरांत, मऊपणा दिसू लागतो. एफ/२२ वर हेच वर्तुळ जवळपास निम्मे असते. म्हणजे ॲपर्चर कमी बंद केल्याने झोतही वाचतात आणि धारही वाचते. मांडणीतल्या वस्तू एकमेकींच्या एक-दोन सेंमी जवळ सरकवणे हासुद्धा उपायच आहे. कॅमेऱ्यातून पाहताना ते अंतर अनेकदा जाणवतही नाही.

दिवा जवळ आणून प्रकाश वाढवण्याचा सल्लाही दिला जातो. त्याबद्दल मी सावध आहे. उघड्या रिफ्लेक्टरचे अंतर निम्मे केले तर दोन स्टॉप मिळतात हे खरे, पण त्याबरोबर प्रकाशाचे रूप बदलते: पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांच्यातला उजेडाचा फरक वाढतो आणि चकाकत्या पृष्ठभागावरचे प्रतिबिंब मोठे होते. मोठा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) आधीच वस्तूच्या जवळ असेल तर अंतराच्या वर्गाचा नियम तेथे नीट लागूही होत नाही. प्रकाशयोजना मनासारखी जमलेली असताना केवळ एका स्टॉपसाठी ती मोडणे मला पटत नाही. अनेक झोतांचा मोठा फायदा इथेच आहे. सगळे दिवे एकत्र उडत असतील तर झोत कितीही वाढवले तरी त्यांचे परस्पर प्रमाण, सावल्यांची खोली आणि रंग बदलत नाहीत. शक्तीचे बटण फिरवल्यावर तसे होईलच असे नाही. व्होल्टेज कमी करून शक्ती उतरवणारे पॅक (फ्लॅशला वीज पुरवणारी खोकी) कमी शक्तीवर थोडे पिवळसर होतात, तर झोत मध्येच तोडून शक्ती कमी करणारे दिवे निळसर होतात.

आता फिल्मकडे येऊ. नऊ छोटे झोत आणि नऊपट शक्तीचा एक झोत हे फिल्मच्या दृष्टीने तंतोतंत सारखे नसतात. प्रकाशाची तीव्रता आणि वेळ यांचा गुणाकार सारखा असेल तर परिणाम सारखा, हा नियम बुन्सेन आणि रॉस्को यांनी १८६२ मध्ये मांडला. फिल्मवर तो पूर्णपणे पाळला जात नाही, हे श्वार्त्सशिल्ड यांनी १८९९ च्या सुमारास दाखवले. तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या एक्स्पोजरमध्ये याच कुळातली एक तूट येते. कारण असे की सिल्व्हर हॅलाइडचा कण डेव्हलप होण्याजोगा व्हायचा तर त्यावर चांदीचे किमान तीन-चार अणू एकत्र यावे लागतात. एकटा अणू अस्थिर असतो आणि पुढचा झोत येईपर्यंत विरून जाऊ शकतो. दोन अणूंची जोडी बरीच टिकाऊ असते, म्हणून ही तूट प्रचंड नसते. पण सावल्यांच्या भागात, जिथे प्रत्येक झोतातून मोजकाच प्रकाश पोहोचतो, तिथे ती आधी दिसते.

माझी रीत अशी आहे: चार झोतांपर्यंत काहीही वाढवत नाही, आठ-दहाच्या आसपास एक झोत जादा देतो, सोळाच्या पुढे एकतृतीयांश स्टॉपच्या हिशेबाने वाढवतो. म्हणून आपल्या नऊचे मी दहा करीन आणि अठराचे बावीस. प्रत्येक फिल्मचा स्वभाव वेगळा असल्याने आपल्या फिल्मवर एकदा चाचणी करून घ्यावी. एकाच मांडणीची दोन एक्स्पोजर घ्यावीत: एक मोठ्या ॲपर्चरवर एका झोताने, दुसरे तीन स्टॉप बंद करून आठ झोतांनी. दोन्ही फिल्म एकत्र प्रोसेस करून करड्या कार्डाची घनता ताडून पाहिली की आपला आकडा आपल्याला मिळतो. फिल्मच्या माहितीपत्रकातले दीर्घ एक्स्पोजरचे तक्ते, उदाहरणार्थ प्रोव्हिया १०० एफला १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्ती लागत नाही किंवा वेल्व्हिया ५० ला एका सेकंदानंतरच ती लागते, हे सततच्या उजेडासाठी आहेत. शटर ४० सेकंद उघडे राहिले म्हणून त्या तक्त्यातली दुरुस्ती इथे लावू नये, कारण त्या ४० सेकंदांत फिल्मवर प्रकाश पडलेला असतो तो केवळ काही सहस्रांश सेकंद.

निदान तसे असायला हवे. इथेच अंधाराचा प्रश्न येतो, आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. दहा झोत, दोन झोतांमध्ये चार सेकंद, म्हणजे शटर सुमारे ३६ सेकंद उघडे राहणार. सोयीसाठी ३२ धरू. बेलोजचा हिशेब बाजूला ठेवला तर एफ/३२ आणि ३२ सेकंद हे आयएसओ १०० वर ईव्ही (उजेडाची पातळी सांगणारा आकडा) ५ चे पूर्ण एक्स्पोजर आहे. ईव्ही ५ म्हणजे साधारण ८० लक्स, अर्थात संध्याकाळी मंद दिवा लावलेली खोली. याचा अर्थ असा की त्या खोलीचा मंद उजेडसुद्धा तेवढ्या वेळात फ्लॅशइतकेच एक्स्पोजर देईल. तो फ्लॅशच्या पाच स्टॉप खाली, म्हणजे बत्तीसाव्या हिश्श्यावर आणायचा तर खोलीत अडीच लक्सपेक्षा जास्त उजेड असता कामा नये. हा जवळजवळ पूर्ण अंधारच आहे.

मॉडेलिंग लॅम्प (प्रकाशयोजना पाहता यावी म्हणून फ्लॅशमध्ये सतत जळणारे दिवे) बंद करायचे, हे ओघाने आलेच. टंगस्टनचा असा दिवा चालू राहिला तर एक्स्पोजरही वाढते आणि डेलाइट फिल्मवर नारिंगी छटाही येते. काही फ्लॅशमध्ये मॉडेलिंग लॅम्प चार्जिंगच्या वेळी विझतो आणि चार्ज पूर्ण झाला की आपोआप पुन्हा लागतो. ती सोय आधी शोधून बंद करावी. पण मला त्याहून जास्त त्रास देतात ते छोटे दिवे: पॅकवरचा तयारीचा दिवा, रेडिओ ट्रिगरवरचा एलईडी, कोपऱ्यातल्या संगणकाचा पडदा. खोलीच्या एकूण उजेडात ते नगण्य असतात, मात्र काचेच्या बाटलीत त्यांचे थेट प्रतिबिंब पडते आणि अर्ध्या मिनिटात तिथे लाल किंवा हिरवा ठिपका उमटतो. त्यांच्यावर काळी चिकटपट्टी लावावी. अंधार पुरेसा आहे की नाही हे ठरवण्याचा एकच खात्रीचा मार्ग मला माहीत आहे: एकही झोत न देता तेवढाच वेळ शटर उघडे ठेवून एक एक्स्पोजर घ्यावे. चाचणीसाठी त्याच जागी डिजिटल कॅमेरा ठेवला तरी चालेल. चित्र पूर्ण काळे आले पाहिजे. सावलीचा किंवा बाटलीच्या कडेचा किंचितही मागमूस दिसला तर तो अंतिम छायाचित्रात सावल्या धुरकट करणार, कारण फ्लॅश जिथे पोहोचत नाही तिथे हा फुकटचा उजेड पोहोचलेला असतो.

खोली अंधारी करणे शक्य नसेल तर दोन पर्याय आहेत. पहिला, दोन झोतांच्या मधल्या काळात लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरणे. लेन्सला किंवा हुडला स्पर्श होऊ न देता तो अलगद धरावा आणि झोताच्या आधी काढावा. दुसरा, शटर उघडे न ठेवता प्रत्येक झोतासाठी एकसाठांश सेकंदाला नव्याने उघडणे. मग दहा झोतांचा एकूण वेळ सेकंदाचा सहावा हिस्साच होतो आणि खोलीतला साधा उजेड बराचसा निरुपद्रवी ठरतो. यात अडचण एवढीच की कोपालसारखे शटर दरवेळी कॉक करावे (खटका ओढून तयार करावे) लागते, आणि लांब ताणलेल्या बेलोजच्या टोकाला असलेल्या लेन्सला दहा वेळा हात लावायचा म्हणजे कॅमेरा सूतभर सरकण्याचा धोका दहा वेळा पत्करायचा. कॉक न करता चालणारे प्रेस शटर किंवा प्रॉन्टर प्रोफेशनलसारखे शटर असेल तर ही रीत उत्तम आहे. माझी पसंती अंधाऱ्या खोलीला आणि उघड्या शटरला आहे.

उघड्या शटरसाठी शटरच्या बी या स्थितीऐवजी टी ही स्थिती वापरावी. बीमध्ये केबल रिलीज दाबून धरावा लागतो किंवा त्याचे कुलूप वापरावे लागते, आणि ते कुलूप सैल असेल तर शटर मध्येच मिटते. टीमध्ये एकदा दाबल्यावर उघडते आणि पुन्हा दाबल्यावर मिटते. सिंक कॉर्ड (शटर आणि फ्लॅश जोडणारी तार) आधी काढून ठेवावी. नाहीतर शटर उघडताक्षणी, कॅमेरा अजून थरथरत असतानाच, एक झोत उडून जातो. शटर उघडल्यावर चार-पाच सेकंद काहीही करू नये, मग हातातल्या ट्रिगरने किंवा पॅकवरच्या टेस्ट बटणाने झोत सुरू करावेत. मोजणी मोठ्याने करावी. काही पॅकमध्ये ठरावीक संख्येचे झोत आपोआप देण्याची सोय असते. ती असेल तर अवश्य वापरावी, पण मधले अंतर पुरेसे ठेवावे.

त्या अंतराबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. अनेक जुन्या पॅकचा तयारीचा दिवा कपॅसिटर पूर्ण भरण्याआधीच लागतो. तो लागताच बटण दाबले तर पहिला झोत पूर्ण आणि पुढचे सगळे थोडे अपुरे, असे होते. एका झोतातली अशी तूट लक्षातही येत नाही, पण इथे ती प्रत्येक झोतात येते आणि शेवटपर्यंत साचत जाते. याउलट, झोतांमध्ये कधी किंचित जास्त कधी किंचित कमी असा अनियमित फरक असेल तर दहा झोतांच्या बेरजेत तो बराचसा आपोआप सावरला जातो. म्हणून काळजी करायची ती एकाच दिशेने होणाऱ्या चुकीची. दिव्याकडे पाहण्याऐवजी घड्याळाने ठरावीक अंतर पाळावे: दिवा तीन सेकंदांत लागत असेल तर पाच सेकंद थांबावे. पूर्ण शक्तीचे झोत ओळीने दिल्याने ट्यूब आणि पॅक दोन्ही तापतात. उत्पादकाने सांगितलेली मर्यादा पाळावी आणि प्रत्येक फिल्मनंतर उपकरणाला विश्रांती द्यावी. तापमान वाढल्याने पॅक मध्येच बंद पडला तर ती फिल्म वाया जाते.

हलण्याबद्दल कोणाला वेगळे सांगावे लागू नये, तरी काही जागा ध्यानात येत नाहीत. दहापैकी एका झोताच्या वेळी वस्तू हललेली असेल तर एकदशांश तीव्रतेची दुसरी कड उमटते. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणाऱ्या धातूची कड असेल तर ती स्पष्ट दिसते. लाकडी जमिनीवर चालणारा माणूस, पंख्याचा किंवा एसीचा वारा लागणारा कागद, दोऱ्याने टांगलेली वस्तू, ताज्या पाकळ्या, मऊ मेणाने उभी केलेली आणि हळूहळू कलणारी बाटली ही नेहमीची कारणे. खुद्द फिल्मही हलते. डार्क स्लाइड (फिल्म होल्डरचे सरकते झाकण) ओढल्यावर शीट फिल्म होल्डरमध्ये किंचित फुगते किंवा बसते, म्हणून स्लाइड काढून थोडा वेळ थांबूनच सुरुवात करावी. कॅमेरा थेट खाली रोखलेला असेल तर फिल्म होल्डरच्या मध्यभागी झोल देऊ शकते. अशा मांडणीत मी झोतांची संख्या जाणीवपूर्वक कमी ठेवतो.

इथवर सारे एक्स्पोजर पुरे पडण्याबद्दल झाले. परंतु शक्तिशाली पॅक हाताशी असतानाही मी ही पद्धत का सोडत नाही, याचे कारण वेगळे आहे: सगळ्या दिव्यांना सारखेच झोत द्यावे लागत नाहीत. बाटलीच्या बाजूचा मुख्य सॉफ्टबॉक्स दहा वेळा, मागच्या पडद्यावरचा दिवा तीन वेळा आणि लेबलावर रोखलेला बारीक स्नूट (झोत अरुंद करणारी नळी लावलेला दिवा) दोन वेळा, असे ठरवले की दिव्यांचे प्रमाण शक्तीच्या बटणाला हात न लावता, रंग न बदलता जुळवता येते. यासाठी प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे उडाला पाहिजे. ऑप्टिकल स्लेव्ह बंद करावेत, नाहीतर एक दिवा उडवताच सगळे उडतील. रेडिओ ट्रिगरचे वेगवेगळे चॅनल सोयीचे पडतात. प्रत्येक दिव्याचे वाचन एकेकट्याने घ्यावे आणि कागदावर तक्ता करावा: दिवा, एका झोताचे वाचन, झोतांची संख्या. अंधारात स्मरणावर विसंबू नये.

त्याहून पुढचे पाऊल म्हणजे झोतांच्या मध्ये मांडणीतच बदल करणे. बाटलीतल्या द्रवाला आतून उजळल्यासारखे दाखवायचे असेल तर तिच्या मागे, तिच्याच आकाराचे कापलेले पांढरे कार्ड ठेवून दोन झोत द्यावेत. मग ते काढून उरलेले झोत द्यावेत. काही झोतांपुरते एखाद्या दिव्यावर रंगीत जेल लावता येते. लेन्सवर मऊ फोकसचा फिल्टर लावून दोन-तीन झोत देणे आणि बाकीचे त्याशिवाय देणे यानेही सुंदर परिणाम साधतो, पण त्यासाठी फिल्टर लेन्सला न चिकटवता वेगळ्या स्टँडवर धरावा. हे सगळे करताना कॅमेरा आणि वस्तू यांना स्पर्श होणार नाही, अशा जागी सामान आधीच मांडून ठेवावे आणि उजेडात एकदा रंगीत तालीम करावी.

एकच दिवा जागा बदलून वापरणे ही याचीच पुढची तऱ्हा, आणि इथे पृष्ठभागाचा स्वभाव ओळखावा लागतो. लाकूड, कापड, मॅट कागद अशा पृष्ठभागावर एकाच दिव्याने पाच जागांवरून दिलेले झोत मिसळून जातात आणि प्रकाश एका मोठ्या स्रोतातून आल्यासारखा मऊ दिसतो. लांबलचक वस्तू एका लहान सॉफ्टबॉक्सने अशीच उजळता येते. काच, क्रोम किंवा लाखेचा लेप असेल तर मात्र प्रत्येक जागेचे स्वतंत्र प्रतिबिंब उमटते, आणि एका अखंड रेघेऐवजी पाच चौकोनांची ओळ दिसते. तिथे सॉफ्टबॉक्स निम्म्या रुंदीनेच सरकवावा, म्हणजे प्रतिबिंबे एकमेकांवर येऊन एकसंध पट्टा होतो. पट्ट्याची दोन टोके मधल्या भागापेक्षा एका स्टॉपने मंद राहतात, कारण तिथे एकच थर असतो; ही उतरती कड सहसा हवीशीच असते. दिवा हलवणाऱ्याने काळे कपडे घालावेत, आणि झोताच्या वेळी तो बाटलीत दिसणार नाही अशा जागी उभा राहावा.

वाचनासाठी संचयी मोड (सगळ्या झोतांची बेरीज दाखवणारा) असलेला फ्लॅश मीटर, जसे सेकोनिकचे एल-३५८ किंवा एल-७५८, उपयोगी पडतो, पण गरजेचा नाही. एका झोताचे वाचन घेऊन गुणाकार करणे पुरे. मीटरचा खरा उपयोग मला दुसऱ्या कामी होतो: ठरलेल्या अंतराने सगळे झोत देऊन संचयी वाचन घ्यावे आणि ते गुणाकाराशी जुळते का पाहावे. वाचन कमी आले तर पॅक पुरेसा भरत नाही, हे फिल्म खर्च न करता कळते. पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्मचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि फुजीची एफपी-१०० सी २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हापासून पूर्वचाचणीची जागा डिजिटल कॅमेऱ्याने घेतली आहे. त्यावर चार झोत आणि एफ/३२ ऐवजी एक झोत आणि एफ/१६ लावून प्रकाशयोजना पाहता येते. बेलोजची सव्वादोन पट मात्र कागदावरच मिळवावी लागते. डिजिटल कॅमेऱ्यात प्रतिमेची पट वेगळी असल्याने त्याचा हिशेब इथे चालत नाही.

उडणारे पाणी, वाफ, धूर, फसफसणारे पेय यांना ही पद्धत लावू नये. तिथे प्रत्येक झोत वेगळे चित्र उमटवतो, आणि हवा असतो तो एकच छोटा, तीव्र झोत. मांडणीत वाफ हवीच असेल तर सारे स्थिर भाग अनेक झोतांनी घ्यावेत आणि शेवटी वाफेसाठी मागून एकच झोत द्यावा.

ट्रान्सपरन्सी फिल्मला (थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या स्लाइड फिल्मला) एकतृतीयांश स्टॉपची चूकही दिसते, म्हणून मी एका मांडणीच्या नेहमी किमान दोन सारख्या फिल्म घेतो. दोन्हींना ठरलेले दहा झोत द्यावेत, होल्डरवर खूण करावी आणि आधी एकच प्रोसेस करावी. ती किंचित गडद आली तर दुसरी एकतृतीयांश स्टॉपने पुश करून (जास्त वेळ डेव्हलप करून) घ्यावी, फिकट आली तर तेवढीच पुल (कमी वेळ डेव्हलप) करावी. आणि पहिली फिल्म हाती येऊन लाइट बॉक्सवर नीट पाहून होईपर्यंत मांडणी मोडू नये.